मंजुरीचे पत्र आणि खात्यातली रक्कम
पीएच.डी.नंतरच्या फेलोशिप : आपल्या मुलांसाठी काय आहे, काय नाही



आपल्या गुणवंत सत्कारात पूर्वी दहावी-बारावीची मुले असत. मग इंजिनिअर आणि डॉक्टर आले. अलीकडे दरवर्षी एक-दोन मुले-मुली अशी असतात की ज्यांच्या नावापुढे ‘डॉ.’ लागलेले असते, पण ते दवाखान्याचे नसते, पीएच.डी.चे असते. आपण शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो आणि जेवणाच्या पंगतीत हमखास विचारतो, “मग आता कुठं लागणार?” मुलगा हसून ताटाकडे पाहतो.

तीन वर्षांपूर्वी असाच हसून ताटाकडे पाहणारा मुलगा माझा सख्खा भाचा होता. सौंसर तालुक्यातल्या एका गावी बहिणीची संत्र्याची बाग आहे. बागेत डिंक्या आला की झाड कसे उभ्या उभ्या वाळते ते पाहत तो मोठा झाला आणि त्याच रोगाच्या बुरशीवर त्याने नागपुरात पीएच.डी. केली. सत्काराच्या रात्री तो माझ्याकडे मुक्कामाला होता. झोपायच्या आधी म्हणाला, “मामा, माझी फेलोशिप तं मार्चातच संपली. आईले अजून सांगितलं नाही.”

मी बी.कॉम. माणूस. हयात बँकेत गेली. बुरशीतले मला काही कळत नाही. पण योजना, पात्रता, मंजुरी, वाटप आणि हप्ता हे शब्द मला कळतात. त्याच्यासाठी म्हणून मी या फेलोशिपचे नियम वाचायला बसलो आणि वाचता वाचता वही भरली. त्या वहीतले जे आपल्या घरांना उपयोगी पडेल ते इथे मांडतो.

पोस्टडॉक म्हणजे काय

घरच्यांचा पहिला गैरसमज असा की पीएच.डी. झाली म्हणजे शिक्षण संपले आणि आता नोकरीच. प्रत्यक्षात विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेत कायम जागा मिळण्याआधी दोन-चार वर्षे, कधी त्याहून जास्त, दुसऱ्या प्रयोगशाळेत किंवा दुसऱ्या विभागात स्वतंत्र काम करून दाखवावे लागते. याला पोस्टडॉक्टरल फेलोशिप म्हणतात. सरकारी मराठीत अधिछात्रवृत्ती. हे शिक्षण नव्हे, कारण परीक्षा नाही, पदवी नाही. ही पक्की नोकरीही नव्हे, कारण मुदत ठरलेली असते.

आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर डोळा भरला की रोप लगेच बागेत नेत नाहीत, काही काळ रोपवाटिकेतच ठेवतात. तसे हे आहे. फरक इतकाच की रोपवाटिकेतल्या रोपाचे वय कोणी विचारत नाही, इथे विचारतात. पीएच.डी.ची पाच वर्षांची फेलोशिप संपलेली असते, वय तिशी ओलांडलेले असते, घरात लग्नाचा विषय निघालेला असतो, आणि नेमके तेव्हाच महिन्याचे पैसे थांबतात.

हे दुखणे जुने आहे. हरगोविंद खुराना यांना पुढे १९६८ मध्ये नोबेल मिळाले. लिव्हरपूलला पीएच.डी. झाल्यावर १९४८-४९ मध्ये ते झुरिकला गेले आणि तिथे जवळजवळ एक वर्ष वेतनाशिवाय, गाठीच्या पैशावर काढले. पैसे संपल्यावर भारतात परतले, इथे जागा मिळाली नाही, आणि केंब्रिजची फेलोशिप मिळाली म्हणून संशोधन चालू राहिले. ती फेलोशिप न मिळती तर काय झाले असते, हा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

घोषणा मोठ्या, पण कशासाठी

गेल्या काही वर्षांत केंद्राने संशोधनाबाबत मोठे निर्णय घेतले. २०२३ मध्ये संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. बातम्यांत त्याला एएनआरएफ म्हणतात. फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि आधीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, म्हणजे एसईआरबी, त्यात विलीन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये असे सांगितले गेले. जुलै २०२५ मध्ये त्याखेरीज १ लाख कोटींच्या संशोधन, विकास व नवोन्मेष योजनेला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्या आठवड्यात आमच्या मोबाईल गटावर कोणीतरी ही बातमी टाकली आणि खाली लिहिले, “भाऊसाहेब, भाच्याचं काम झालं!”

बँकेत आम्हाला पहिला धडा असा शिकवला होता की आकडा पाहण्याआधी पैसा कोणाचा आणि कोणाला, ते पाहा. ५०,००० कोटींपैकी सरकारचा वाटा साधारण १४,००० कोटींचा. बाकीचे सुमारे ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून येतील अशी अपेक्षा. आणि १ लाख कोटींची योजना म्हणजे मुख्यतः खाजगी कंपन्यांना संशोधनासाठी दीर्घ मुदतीचे, कमी किंवा शून्य व्याजाचे भांडवल. देशाला त्याची गरज असेलही. पण त्यातून पीएच.डी. झालेल्या मुलाच्या खात्यात दरमहा काही जमा होत नाही. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. या आकड्यावर संसदेत आणि वर्तमानपत्रांत अनेकदा चर्चा झाली. घोषणा वाढल्या तरी तो आकडा अजून एक टक्क्याच्या आतच आहे.

म्हणून घोषणा, मंजुरी आणि जमा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावे. मुलाने फेलोशिपसाठी अर्ज केला म्हणजे लगेच साखर वाटू नये. वर्तमानपत्रात मोठा आकडा छापला आणि मुलाला काही मिळाले नाही, तर तो नालायक आहे असेही समजू नये.

विषयाप्रमाणे दारे

आता कोणासाठी कुठे काय आहे ते पाहू. रक्कम आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी त्या वर्षीचे परिपत्रक वाचावे.

विज्ञान आणि अभियांत्रिकी : सगळ्यात ओळखीचे दार म्हणजे राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, एन-पीडीएफ. एसईआरबीच्या काळात तिचे स्वरूप असे होते : मुदत दोन वर्षे, दरमहा ५५,००० रुपये आणि घरभाडे, संशोधनासाठी वर्षाला २ लाख. वयाची अट ३५. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग आणि स्त्रिया यांना पाच वर्षांची सूट. आयुष्यात एकदाच मिळणारी. प्रबंध सादर केला आहे पण पदवी हातात आलेली नाही, अशांनाही अर्ज करता येई. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आपली मुले पदवीदान समारंभाची वाट पाहत वर्ष घालवतात. याशिवाय सीएसआयआरची रिसर्च असोसिएटशिप आहे. मोठ्या प्रकल्पांत रिसर्च असोसिएटच्या जागा निघतात. त्यांचे दर केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून ५८,००० ते ६७,००० असे केले. ज्यांचे काम फारच चांगले आहे त्यांच्यासाठी पाच वर्षांची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप आहे. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामानुजन फेलोशिप आणि जीवविज्ञानात रामलिंगस्वामी फेलोशिप.

जीवशास्त्र आणि वैद्यक : जैवतंत्रज्ञान विभागाची डीबीटी-आरए, आयसीएमआरची पोस्टडॉक्टरल फेलोशिप, आणि डीबीटी व ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची मिळून असलेली इंडिया अलायन्स. शेवटची अवघड, पण एकदा मिळाली तर माणूस स्वतःची प्रयोगशाळा उभी करू शकतो.

समाजशास्त्रे, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषा : एएनआरएफच्या कायद्यात मानव्यविद्यांचा उल्लेख आहे, पण तो विज्ञान-तंत्रज्ञानाशी जिथे त्यांचा सांधा जुळतो तेवढ्यापुरता. मराठी साहित्यात किंवा इतिहासात पीएच.डी. केलेल्या मुलीने त्या दारात उभे राहण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी तीन परिषदा आहेत : समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआर, इतिहासासाठी आयसीएचआर, तत्त्वज्ञानासाठी आयसीपीआर. शिवाय शिमल्याची भारतीय उच्च अध्ययन संस्था. तिथे राष्ट्रपती निवासात राहून अभ्यास करायचा असतो. आणि सगळ्या विषयांना खुली अशी यूजीसीची डॉ. राधाकृष्णन पोस्टडॉक्टरल फेलोशिप. सप्टेंबर २०२२ मध्ये तिची नवी रचना जाहीर झाली तेव्हा जागा ९००, त्यांतल्या ३० टक्के स्त्रियांसाठी, दरमहा ५०,००० रुपये आणि वर्षाला ५०,००० आकस्मिक खर्चासाठी असे ठरले होते. देशभरच्या सगळ्या विषयांना मिळून ९००. दार आहे, पण अरुंद आहे.

संसारामुळे खंड पडलेल्या मुली : हे मी मुद्दाम वेगळे लिहितो. लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचे आजारपण यांत तीन-चार वर्षे गेली की मुलगी स्वतःच म्हणते, आता काय उपयोग. विज्ञानातल्या अशा स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान विभागाची वाइज-किरण आणि जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर अशा योजना आहेत. आपल्या ओळखीच्या निदान दोन सुना मला माहीत आहेत ज्यांच्या पीएच.डी.चे प्रमाणपत्र कपाटात आहे. त्यांच्यापर्यंत हा परिच्छेद पोचवा.

परदेश : जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप सगळ्या विषयांना आणि देशांना खुली आहे, पीएच.डी. होऊन चार वर्षांच्या आत असाल तर पोस्टडॉक म्हणून कधीही अर्ज करता येतो, फक्त तिथल्या प्राध्यापकाचे यजमानपत्र लागते. युरोपची मारी क्युरी फेलोशिप पीएच.डी.नंतर आठ वर्षांपर्यंतच्या संशोधकांना. जपानची जेएसपीएस, अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू. आदिवासी समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत पोस्टडॉकही धरलेले आहे. गावातल्या गोंड कुटुंबांना ही माहिती आवर्जून द्या. आणि १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एन्डोमेंटची मदत आहे. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, परत करायची असते, हे विसरू नका.

परदेशाच्या बाबतीत सध्या एक बदल होत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी व्हिसा अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले, आणि तिथल्या संशोधन संस्थांच्या अनुदानांतही त्या वर्षी मोठी काटछाट झाली. त्याच महिन्यात मारी क्युरीच्या अर्जांची मुदत संपली तेव्हा १७,००० वर अर्ज आले होते. आदल्या वर्षी ते १०,००० च्या जवळपास होते. जागा मात्र वाढल्या नाहीत. एक खिडकी बंद झाली की सगळी रांग शेजारच्या खिडकीवर जाते, हे बँकेत आम्ही रोज पाहत होतो. म्हणून एकाच फेलोशिपवर भिस्त ठेवू नये. भारतातले दोन आणि बाहेरचे दोन असे किमान चार अर्ज एका वर्षात गेले पाहिजेत.

आपले घर दोन राज्यांच्या मधोमध

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसर मराठी बोलत राहिले, पण सातबारा-खसऱ्याचे राज्य बदलले. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी आपली मुले शिकायला नागपूरलाच जातात. तिथे वर्गमित्र सांगतात, “सारथीचा फॉर्म भर, महाज्योतीचा भर, बार्टीचा भर.” मूल घरी येऊन उत्साहाने सांगते आणि आपणही कागद गोळा करायला लागतो.

इथे स्पष्ट सांगतो : या महाराष्ट्र शासनाच्या संस्था आहेत. त्यांच्या फेलोशिप मुख्यतः पीएच.डी.साठी आहेत आणि त्यांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. आपल्या मुलांकडे मध्य प्रदेशचे मूल निवासी प्रमाणपत्र असते. भाषा तीच, आडनाव तेच, मामा-मावशी वरुड-काटोलला, तरी तिथे आपण बाहेरचे. यात कोणाचा दोष नाही. राज्याचा पैसा राज्याच्या रहिवाशांसाठी असतो. पण त्या धावपळीत आपल्या मुलांची केंद्राच्या योजनांची तारीख निघून जाते, हे नुकसान आपण टाळू शकतो. पोस्टडॉकच्या पातळीवर जवळपास सगळी मोठी दारे केंद्राची किंवा परदेशाची आहेत आणि तिथे पांढुर्ण्याचा मुलगा आणि पुण्याचा मुलगा सारखाच.

उलट काही बाबतींत आपण सीमेवर असल्याचा फायदा आहे. संत्र्यावर काम करणाऱ्याला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, कपाशीवर काम करणाऱ्याला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, पाणी-हवेवर काम करणाऱ्याला नीरी, अभियंत्याला व्हीएनआयटी, या सगळ्या नागपुरात आहेत. यजमान संस्था शोधायला दिल्ली गाठण्याची गरज नाही. मराठीच्या मुलांनीही हे लक्षात घ्यावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. वरुड-मोर्शी ओलांडले की रिद्धपूर आहे, महानुभावांचे स्थान. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. आपल्या भागात मराठी आणि हिंदी एकमेकांत कशी मिसळली, जाम नदीकाठच्या गोटमारीकडे पांढुर्णा आणि सावरगावचे लोक कसे पाहतात, संत्र्याच्या बाजाराने गावांची घडी कशी बदलली, हे विषय आपल्या मुलांइतके जवळून कोणाला माहीत आहेत? परिषदांना चांगला प्रस्ताव लागतो, आणि घरचा विषय असला तर प्रस्तावात खोटेपणा राहत नाही.

माझ्या हातून झालेली चूक

भाच्याचे वय तेव्हा ३६ होते. पीएच.डी.ला लागण्याआधी चार वर्षे तो एका महाविद्यालयात अतिथी विद्वान म्हणून शिकवत होता, त्यामुळे उशीर झाला. सर्वसाधारण मर्यादा ३५. आमचे कुटुंब केंद्राच्या ओबीसी यादीत येते, त्यामुळे सूट मिळून ४० पर्यंत त्याला संधी होती. पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागते, आणि ते त्याच्याकडे नव्हते. का नव्हते? कारण काही वर्षांपूर्वी मीच बहिणीला सांगितले होते, “बागेचं उत्पन्न आठ लाखांच्या वर जाते, तुम्ही क्रीमी लेयरमध्ये जाता, कशाला चकरा मारता?” तहसीलच्या जुन्या, राज्याच्या नमुन्यातल्या जातीच्या दाखल्यावर त्याने अर्ज भरला. तो टिकला नाही. एक वर्ष गेले.

नंतर मी नियम मुळातून वाचला. आठ लाखांच्या मर्यादेत आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. केंद्राच्या १९९३ च्या आदेशात तर लिंबूवर्गीय फळबागांचा स्पष्ट उल्लेख आहे : संत्र्याची बाग ही शेतजमीन समजायची. चहा-कॉफीच्या मळ्यांना उत्पन्नाची कसोटी लागते, संत्र्याच्या बागेला नाही. तिला जमिनीची कसोटी लागते : ओलिताची जमीन राज्याच्या कमाल मर्यादेच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोचली की सवलत जाते. बहिणीची बाग त्याच्या कितीतरी आत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या त्रुटी काढणाऱ्या माणसाने घरच्या मुलाला ऐकीव नियम सांगितला. बहीण काही बोलली नाही, म्हणून जास्त लागले.

संत्र्याच्या बागा असलेल्या आपल्या ओबीसी कुटुंबांनी हे नीट समजून घ्यावे. उत्पन्न जास्त आहे म्हणून परस्पर निर्णय घेऊ नका. प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात घ्या आणि चालू आर्थिक वर्षातले घ्या.

पत्र आले, पैसे कुठे आहेत?

पुढच्या वर्षी त्याला एक फेलोशिप मिळाली. मंजुरीचे पत्र आले, तो रुजू झाला, शहरात खोली घेतली. पहिला महिना गेला, दुसरा गेला. तो फोनवर म्हणाला, “मामा, पत्र तं आलं, पैसे कवा येतीन?” पैसे सातव्या महिन्यात आले. मधल्या काळात बहिणीने पाटल्या तारण ठेवल्या. तारण कर्जाच्या कागदावर तिने सही केली तेव्हा मी शेजारी बसलो होतो.

हे एकट्या त्याच्याच बाबतीत झाले असे नाही. २०२४-२५ मध्ये केंद्राच्या काही शोधवृत्त्या आठ-आठ महिने, काहींच्या त्याहून जास्त, थकल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या होत्या. याचे कारण समजून घेतले तर राग थोडा कमी होतो आणि तयारी जास्त होते. फेलोशिपचा पैसा बहुतेक वेळा मुलाच्या खात्यात थेट येत नाही. तो यजमान संस्थेमार्फत येतो. आधी रुजू झाल्याचा अहवाल, मग संस्थेची मागणी, मग हप्ता. आर्थिक वर्ष संपले की खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र. ते वर गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. त्यात केंद्राने अशी पद्धत आणली आहे की संस्थांच्या खात्यांत आगाऊ पैसा पडून राहू नये, खर्चाच्या वेळीच सुटावा. बँकवाला म्हणून मला ती पद्धत पटते. कोट्यवधी रुपये निष्क्रिय पडण्यात शहाणपण नाही. पण यंत्रसामग्रीचे बिल दोन महिने थांबू शकते, खोलीचे भाडे थांबत नाही. दोन्ही एकाच नळातून सोडले की तहान माणसालाच लागते.

दुसरी बाजू बँकांची. शैक्षणिक कर्ज अभ्यासक्रमाला मिळते. पोस्टडॉक हा अभ्यासक्रम नाही. वैयक्तिक कर्जाला पगाराची चिठ्ठी लागते. फेलोशिप हा पगार नाही. भविष्य निर्वाह निधी सहसा नसतो. म्हणजे दरमहा ५०-५५ हजार मिळवणारा, पीएच.डी. झालेला मुलगा काउंटरवर आला तर त्याला कर्ज देण्यासाठी आमच्याकडे रकाना नव्हता. मीही असे एक-दोन अर्ज परत केले आहेत. तेव्हा मी नियम बरोबर पाळला होता. मागे वळून पाहताना तेवढ्याने समाधान होत नाही.

मुलांनी काय करावे, आपण काय करावे

मुलांसाठी तीन गोष्टी. पहिली, शोध प्रबंध सादर करण्याच्या एक वर्ष आधी सुरू करा. दुसरी, यजमान आधी, योजना नंतर. ज्यांच्याकडे काम करायचे त्यांचे दोन-तीन शोधनिबंध खरोखर वाचा आणि एका पानाचे पत्र लिहा : मी काय केले, तुमच्याकडे काय करू इच्छितो, ते तुमच्याच प्रयोगशाळेत का. शंभर जणांना एकच पत्र पाठवले की ते वाचणाऱ्याला लगेच कळते. तिसरी, एक वही ठेवा : योजना, शेवटची तारीख, वय किंवा पीएच.डी.नंतरची वर्षे कोणत्या दिवशी मोजतात, लागणारे दाखले. बहुतेक अर्ज गुणवत्तेवर पडण्याआधी कागदावर पडतात.

आणि आता आपल्या मंडळासाठी एक प्रस्ताव. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी तो रीतसर मांडणार आहे, त्याआधी सर्वांनी विचार करावा.

आपण सत्कारावर, शाली-फोटोंवर खर्च करतो, तो करावा. त्याच्या बरोबरीने एक छोटा फिरता निधी ठेवावा. ज्या मुलाला फेलोशिप मंजूर झाली आहे, तो रुजू झाला आहे, पण पैसे आलेले नाहीत, त्याला सहा महिन्यांपर्यंत दरमहा ३०,००० रुपये बिनव्याजी द्यावेत. म्हणजे एका मुलामागे १ लाख ८० हजार, एका वेळी दोघे धरले तर ३ लाख ६० हजार. कागद दोनच : मंजुरीचे पत्र आणि संस्थेने सही केलेला रुजू झाल्याचा अहवाल. जामीन म्हणून मंडळाचा एक सभासद. परतफेड थकीत रक्कम आल्यावर एकरकमी.

“बुडाले तर?” असे कोषाध्यक्ष विचारतील, आणि विचारलेच पाहिजे. माझे उत्तर असे : या कर्जात परतफेडीचा स्रोत आधीच मंजूर असतो, फक्त उशिरा येतो, आणि थकलेले सगळे महिने सहसा एकदमच जमा होतात. माझ्या भाच्याचे सात महिन्यांचे पैसे एकाच दिवशी आले आणि त्याच आठवड्यात पाटल्या सुटल्या. इतके कमी जोखमीचे कर्ज मी नोकरीत फार थोडी पाहिली. तरीही एखादे बुडू शकते. ते मंडळाने सोसायचे का, हे सभेने ठरवावे.

याबरोबर जूनमधला एक रविवार दाखल्यांसाठी ठेवावा. मूल निवासी, जातीचा दाखला, केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र, नावातले फरक, हे सगळे त्या दिवशी तपासून द्यायला मी आणि माझ्यासारखे दोन-तीन निवृत्त लोक बसू. यावेळी नियम वाचून बसू.

शेवटी खरे ते सांगतो. फेलोशिप मिळाली म्हणजे कायम जागा मिळेलच असे नाही. भाच्याच्या फेलोशिपचे आता थोडेच महिने उरले आहेत. अकरा ठिकाणी अर्ज केले आहेत; दोन ठिकाणी मुलाखत झाली, उत्तर आलेले नाही. बहीण दर आठवड्याला विचारते, “भाऊ, पक्की नोकरी कवा लागीन याले?” मला उत्तर देता येत नाही. पण गेल्या महिन्यात तो गावी आला होता तेव्हा सकाळी बागेत गेला, डिंक्या लागलेल्या एका झाडाच्या बुंध्याची साल खरवडून त्याने नमुना घेतला, पिशवीत घातला आणि वर तारीख लिहिली. बहीण बांधावर उभी राहून ते पाहत होती. त्या दिवशी तिने नोकरीचे विचारले नाही. तिने विचारले, “याच्यावर औषध निंघीन का रे?”

तो म्हणाला, “पाहून राहिलो, आई.”

त्याला पाहायला वेळ मिळावा, आणि तेवढ्यासाठी पुन्हा पाटल्या तारण ठेवाव्या लागू नयेत, इतकेच माझे मागणे आहे. सभेला अवश्य या.